खलनायकाच्या गावातली पळवाट

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने प्रश्न पाठवला होता. खरं म्हणजे तक्रारच म्हणा. ऑगस्ट 2024 मध्ये डिस्ने कंपनीने जाहीर केलं, की फ्लोरिडातल्या त्यांच्या 'मॅजिक किंग्डम' या थीम पार्कमध्ये फक्त खलनायकांचा एक स्वतंत्र भाग उभारला जाणार आहे. दुष्ट राण्या, चेटकिणी, मत्सरी मंत्री वगैरे मंडळींचं एक गावच. श्रोत्याचं म्हणणं असं, की ज्या ठिकाणी आईबाप चार वर्षांचं पोर कडेवर घेऊन जातात तिथे दुष्टांचा गौरव कशाला? आणि शेवटी एक ओळ होती : तुम्हाला बांधायला सांगितलं तर तुम्ही कसं बांधाल?

आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. आम्हाला घराची साधी फडताळं नीट लावता येत नाहीत, थीम पार्क काय बांधणार! पण प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. आणि जरा शोध घेतल्यावर लक्षात आलं, की हा प्रश्न नवा नाही. मुलं आणि मोठी माणसं एकाच दारातून आत येणार, आणि आत दुष्ट बसलेला आहे, तर दोघांसाठी एकच जागा कशी रचायची, यावर माणसांनी निदान साडेचारशे वर्षं डोकं चालवलेलं आहे. आज तोच इतिहास थोडा पाहू.

सुरुवात मात्र घरापासून करू. कोकणात शिमग्याला संकासुर येतो. काळा झगा, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. आमच्या लहानपणी त्या घुंगरांचा आवाज पाणंदीत आला, की आमची अर्धी फौज माजघरात आणि अर्धी पडवीच्या खांबामागे. संकासुर पोरांच्या मागे धावायचा, पोरं किंचाळत पळायची, आणि तो वळला की परत त्याच्या मागे जायची. आजी मात्र पायरीवर बसून त्याच्याशी बोलायची, त्याला पैसे द्यायची, घरच्यांसाठी गाऱ्हाणं घालायला सांगायची. म्हणजे बघा, एकच अंगण, एकच असुर. पोरांना तो भय, आजीला तो ओळखीचा माणूस. आणि आम्ही त्याच्यापासून किती लांब उभं राहायचं हे कोण ठरवत होतं? आम्हीच. खांबामागे, दारात, की थेट त्याच्या शेपटाला हात लावायला, हे ज्याचं त्याने ठरवायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

इटलीत रोमच्या उत्तरेला बोमार्झो नावाचं गाव आहे. तिथे सोळाव्या शतकाच्या मध्यावर विचिनो ओर्सिनी नावाच्या सरदाराने एक उपवन करवून घेतलं. आज त्याला 'राक्षसांचं उपवन' म्हणतात. उतारावरच्या खडकांतून कोरलेले अजस्र प्राणी, युद्ध करणारे दैत्य, मुद्दाम कललेलं एक घर. सगळ्यांत प्रसिद्ध आहे तो आ वासलेला एक प्रचंड चेहरा, पाताळाचा देव ओर्कुस. पायऱ्या चढून त्याच्या तोंडातून आत जायचं. आणि आत काय आहे? दगडी टेबल आणि बसायला बाक! राक्षसाच्या जबड्यात बसून गप्पा मारायच्या. आम्हाला ही कल्पना फार शहाणपणाची वाटते. बाहेरून भीती, आत बैठक. आजही तिथे पोरं जबड्यात उभी राहून फोटो काढतात.

त्यानंतर दोनशे वर्षांनी पॅरिसमध्ये वेगळं उत्तर सापडलं. क्युर्टियस नावाचा मेणाचे पुतळे करणारा एक कारागीर होता. त्याने 1782 मध्ये आपल्या प्रदर्शनाचा एक वेगळा विभाग काढला, त्याचं नाव 'थोर चोरांची गुहा'. त्याच्या हाताखाली शिकलेली मुलगी म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या मादाम तुसाँ. त्यांनी लंडनमध्ये बेकर स्ट्रीटवर 1835 पासून कायमचं प्रदर्शन मांडलं, आणि खुनी, गुन्हेगार, गिलोटिनखाली तुटलेली मस्तकं ही सगळी एका स्वतंत्र खोलीत ठेवली. त्या खोलीला निराळे पैसे. म्हणजे काय केलं? मध्ये भिंत घातली. राजेराण्या इकडे, खुनी तिकडे, ज्याला पाहायचंय त्याने जादा पैसे मोजावेत. व्यवहाराला हे सोपं. पण ज्या मुलाला आईबाप बाहेर उभं करतात ते मूल आत काय असेल याची जी कल्पना करतं, ती आतल्या मेणापेक्षा नेहमीच भयंकर असते. भिंतीने प्रश्न सुटत नाही, तो भिंतीच्या अलीकडे साचतो.

आता अमेरिकेत येऊ. न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडवर 1904 मध्ये 'ड्रीमलँड' नावाचं मनोरंजन उद्यान उघडलं. पांढऱ्याशुभ्र इमारती, रात्री दहा लाख दिव्यांची जाहिरात. आणि त्यात 'हेल गेट' म्हणजे नरकद्वार नावाची राइड. होडीत बसायचं, गोल फिरणाऱ्या पाण्याच्या भोवऱ्यात खेचलं जायचं, आणि खाली पाताळात जायचं. या उद्यानात जगाची निर्मिती आणि जगाचा अंत असे धार्मिक देखावेही होते. लोकांनी मजाही करावी आणि जाताना पापाची भीतीही घेऊन जावी, असा दुहेरी हिशेब.

रशियन लेखक मॅक्सिम गॉर्की 1906 मध्ये अमेरिकेत गेला होता. कोनी आयलंडवरचा नरकाचा देखावा त्याने पाहिला आणि त्यावर लिहिलं. कागदाच्या लगद्याचा लाल नरक, सैतान, आणि शिक्षा कुणाला? तर नवी टोपी घालून आरशात बघणाऱ्या एका पोरीला! गॉर्कीला भीती वाटली नाही, त्याला कंटाळा आला आणि चीड आली. आमच्या मते त्याने नेमकी जागा पकडली. जो देखावा भीती दाखवून चांगलं वागायला सांगतो, तो मुलाला खोटा वाटतो आणि मोठ्याला अपमानकारक. श्रोत्याची तक्रार अशी आहे, की दुष्टांचा गौरव होईल. ड्रीमलँडवाल्यांनी गौरव अजिबात केला नव्हता, त्यांनी शिकवण दिली होती. तरीही ते फसलं.

बाकी त्या नरकाचा शेवट खराच आगीत झाला. मे 1911 मध्ये, हंगाम सुरू व्हायच्या आदल्या रात्री, कामगार हेल गेटची गळती डांबर लावून बुजवत होते. दिवे गेले, गरम डांबराची बादली कलंडली, आणि सकाळपर्यंत सगळं ड्रीमलँड जळून खाक. ते पुन्हा कधी बांधलं गेलं नाही.

आता येतो आमच्या आवडीचा भाग. जुलै 1955 मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं. त्यात पहिल्या दिवसापासून 'स्नो व्हाइट'ची एक अंधारातली राइड होती. गाडीत बसायचं, रुळावरून वळणं घेत अंधारातून जायचं, आजूबाजूला गोष्टीतले प्रसंग. लोक बाहेर आले आणि विचारू लागले : सगळं पाहिलं, चेटकीण पाहिली, बुटके पाहिले, पण स्नो व्हाइट कुठे होती?

ती नव्हतीच! मुद्दाम नव्हती. रचनाकारांची कल्पना अशी, की गाडीत बसलेला प्रत्येक जण म्हणजेच स्नो व्हाइट. चेटकीण सफरचंद पुढे करते ते तुमच्यापुढे. जंगलातली झाडं हात पसरतात ती तुमच्याकडे. शेवटी कड्यावरून ती दगड लोटायला बघते तो तुमच्याच डोक्यावर. कल्पना फार धाडसी आहे. पण लोकांना ती कळली नाही. पीटर पॅनच्या राइडमध्येही हाच घोटाळा झाला, पीटर पॅन कुठेच दिसेना. 1983 मध्ये दुरुस्ती करताना शेवटी स्नो व्हाइट आणून बसवली. आणि राइडच्या नावात 'भीतिदायक' हा शब्द घातला, म्हणजे आईबापांना दारातच कळावं. फ्लोरिडात 1971 मध्ये जी राइड आली ती तर अधिकच भयाण होती, तिला 1994 मध्ये सौम्य केलं आणि 2012 मध्ये बंदच केलं. कॅलिफोर्नियातल्या राइडचं 2021 मध्ये पुन्हा नाव बदललं, आता 'भीतिदायक' जाऊन तिथे 'मंतरलेली इच्छा' आली आहे.

या एका राइडचा हा जो अर्ध्या शतकाहून मोठा प्रवास आहे तो नुसता 'मुलं घाबरली म्हणून सौम्य केलं' एवढाच नाही, असं आम्हाला वाटतं. इथे आमच्या अभिनवगुप्ताची मदत घेऊ. काश्मीरचा हा आचार्य साधारण इसवी सन 1000 च्या सुमाराचा. भयानक रसाचं उदाहरण म्हणून त्याने शाकुंतलातलं हरीण घेतलं आहे. दुष्यंताचा रथ मागे लागलाय आणि हरीण मान वळवून वळवून बघत पळतंय. अभिनवगुप्त म्हणतो, हे वाचताना जे भय आपल्या मनात उभं राहतं ते त्या एका हरणाचं नसतं आणि माझंही नसतं. स्थळकाळाच्या चौकटीतून ते सुटलेलं असतं. 'मी भ्यालो' किंवा 'तो भ्याला' असं वाटलं, की पुढे दुःख येतं, पळून जावंसं वाटतं, आणि रस संपतो. रसाच्या आड येणारी सात विघ्नं त्याने सांगितली आहेत, त्यांतलं एक म्हणजे प्रेक्षकाने आपल्याच सुखदुःखात अडकणं.

आता 1955 ची राइड बघा. तिने प्रेक्षकालाच हरीण केलं! मध्ये कुणी उरलंच नाही. मोठा माणूस हे निभावतो, कारण रुळावरची गाडी, रंगवलेला पुठ्ठा, पाच मिनिटांत बाहेर उजेड, हे त्याच्या मनात एकीकडे चालूच असतं. तो स्वतःचं अंतर सोबत घेऊन येतो. चार वर्षांच्या मुलाकडे ते अंतर नसतं, ते त्याला कुणीतरी द्यावं लागतं. गोष्टीतली राजकन्या ते देते. तिच्यावर संकट आलेलं बघता येतं, तिच्यासाठी भिता येतं. तिला काढून टाकली की मूल एकटं.

त्याच राइडमधली एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चेटकिणीच्या हातातलं सफरचंद लोक सारखे चोरून न्यायचे! चालत्या गाडीतून हात लांब करून. शेवटी 1983 मध्ये तिथे खरं सफरचंद ठेवणंच बंद केलं आणि आरशाच्या साहाय्याने सफरचंदाची नुसती प्रतिमा दाखवू लागले. हात घातला तर मुठीत हवा. आता विषारी सफरचंद चेटकिणीच्या हातून पळवणारी ही माणसं भ्यालेली होती असं कोण म्हणेल? एकाच गाडीत एक जण डोळे मिटून बसलाय आणि शेजारचा चोरी करतोय. रचनाकारापुढची अडचण याहून स्पष्ट आम्हाला सांगता येणार नाही.

1969 मध्ये डिस्नेलँडला भूतवाडा उघडला, 'हाँटेड मॅन्शन'. त्याच्या आखणीत दोन चित्रकारांचा मोठा मतभेद होता. क्लॉड कोट्स वातावरणाचा माणूस, त्याला वाडा भयाण हवा. मार्क डेव्हिस पात्रांचा माणूस, त्याला भुतं विनोदी हवीत. वॉल्ट डिस्ने 1966 च्या डिसेंबरातच गेले होते, त्यामुळे निवाडा करायला कुणी नव्हतं. मग झालं काय, पहिला अर्धा भाग कोट्सच्या वळणाचा आणि दुसरा डेव्हिसच्या. आधी लांबलचक रिकामी दालनं, ठोठावणारी दारं, कुणीही न दिसणारं भय. नंतर नाचणारी, जेवणारी, गाणारी भुतं. समीक्षक म्हणतात वाड्याचे दोन तुकडे जुळत नाहीत. आम्हाला मात्र वाटतं, की तडजोडीतून नकळत योग्य क्रम लागला. जे दिसत नाही त्याचं भय आधी, आणि मग दिसलेल्याचं हसू. संकासुराची घुंगरं आधी पाणंदीत ऐकू येतात, तो नंतर दिसतो, आणि दिसला की थोडा विनोदीच असतो.

उलट उदाहरणही हवं. फ्लोरिडातच 1995 मध्ये 'एलियन एन्काउंटर' नावाचा खेळ सुरू झाला. गोलाकार बसायचं, खांद्यांवरून पट्टा खाली येऊन आवळणार, मग मिट्ट काळोख. परग्रहावरचा हिंस्र प्राणी सुटलेला, त्याचे आवाज मागून, मानेवर श्वास. दारात सूचना होत्या, लहान मुलांना नेऊ नका. पण मुलांच्याच उद्यानात आल्यावर सूचना कोण वाचतो? पोरं आत गेली, किंचाळली, आणि पट्ट्यामुळे आईच्या मांडीवरही जाता येईना. 2003 मध्ये तो बंद झाला. आमचं मत असं, की दारावर पाटी लावणं म्हणजे रचना नव्हे. वकिलांना ती पुरते, मुलाला पुरत नाही.

आणि तोक्यो डिस्नेलँडमध्ये 1986 ते 2006 अशी वीस वर्षं सिंड्रेलाच्या किल्ल्याच्या पोटात खलनायकांची फेरी होती. आमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारं हे उदाहरण. इथे गाडी नाही, आपल्या पायांनी चालायचं. लोकांच्या एका गटाबरोबर एक जिवंत वाटाड्या. किल्ल्याच्या तळघरातून एकेका दुष्टाच्या जागेतून जात जात शेवटी शिंगवाल्या राजापुढे उभं राहायचं. तिथे वाटाड्या गटातल्या एकाला निवडून हातात प्रकाशाची तलवार देतो. बहुतेकदा एखादं मूल. त्या तलवारीने राजाचा नाश होतो आणि त्या वीराला पदक मिळतं. आपल्या भाषेत वाटाड्या म्हणजे सूत्रधार. कोण रडायच्या बेतात आहे, कोण फार पुढे पळतंय, कुणाला शेवटी तलवार द्यायची, हे तो चेहरे बघून ठरवणार. यंत्राला हे जमत नाही.

पण तिथेही एक पेच आहे. राजा मेला, पदक दिलं, आणि पुढचा गट आत आला तेव्हा राजा परत जिवंत! गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री पोरं नरकासुर करतात. कागद, बांबू, गवत, फटाके. गल्लीगल्लीत चढाओढ. नरकासुर दोन मजले उंच, आणि शेजारी कृष्ण एवढासा. दरवर्षी कुणी ना कुणी म्हणतंच, की असुराचं फारच कौतुक चाललंय, कृष्णाकडे कुणी बघत नाही. आमच्या श्रोत्याचीच तक्रार! पण पहाटे तो जळतो. ज्यांनी बांधला तेच पेटवतात. ते जळणं आहे म्हणून रात्रभराच्या कौतुकाला अर्थ आहे. थीम पार्कला हे परवडत नाही. त्यांचा खलनायक रोज सकाळी दारं उघडताना हजर पाहिजे, त्याची बाहुली दुकानात पाहिजे. ज्याला मरण नाही असा दुष्ट हळूहळू दुष्ट राहत नाही, तो यजमान होतो. आम्हाला धोका दिसतो तो इथे. मुलं घाबरण्यात तितका दिसत नाही.

त्यात अलीकडे सिनेमांनी चेटकिणींच्या कैफियती मांडायला घेतल्या आहेत. 'मॅलिफिसेंट' 2014 मध्ये आला, 'क्रुएला' 2021 मध्ये. ती अशी का झाली, तिच्यावर काय अन्याय झाला. मोठ्यांना हे आवडतं आणि ते चूकही नाही. रावण वेदज्ञ होता, शिवभक्त होता, हे आपणही पोरांना सांगतोच. पण सांगताना त्याने सीतेला पळवलं हे गाळत नाही. आमच्या निळूभाऊ फुल्यांना खेड्यातल्या बाया खरोखरच्या शिव्या द्यायच्या. अंतर थोडं कमी पडलं म्हणा, पण तो त्यांच्या कामाचा मान होता. खलनायकाला शेवटी समजून घेतलं आणि गळामिठी मारली, अशी राइड कुणी काढली तर आम्ही तिकीट परत मागू.

तर बांधायचंच झालं तर? गाव एकच असावं, मध्ये भिंत नको. पायांनी चालायचं असावं, म्हणजे कुठे थांबायचं ते पायांना ठरवता येईल. अंगणात खांब असावेत, मागे लपता येतील असे. राजकन्या गाळू नये. वाटाडी माणसं असावीत, आणि त्यांना पगार बरा द्यावा. ओर्कुसच्या तोंडातल्यासारखे बाक असावेत, आजीआजोबांसाठी. दिवसाच्या शेवटी, रोज, खलनायकाचा पराभव सगळ्यांनी मिळून करावा, आणि उद्या तो परत कसा आला याची काहीतरी गोष्ट असावी, दुर्लक्ष नसावं. आणि प्रत्येक वळणावर एक पळवाट. उजेडाकडे उघडणारं साधं दार, त्याला कडी नाही, आणि तिथून बाहेर पडलेल्याला कुणी हसणार नाही असं.

या पळवाटेबद्दल आम्ही जरा जास्त आग्रहाने बोलतोय, त्याला कारण आहे. आमचा नातू पाच वर्षांचा असताना आम्ही त्याला एका जत्रेतल्या भूतबंगल्यात नेलं. त्याला जायचं नव्हतं. आम्ही म्हटलं, 'अरे, सगळं खोटं असतं ते, चल.' आयुष्यभर भयानक रस शिकवलेला माणूस हे बोलला! तंबूला एकच वाट होती, मागे फिरता येईना, आणि मध्येच त्याने आमचा हात सोडला, कारण अंधारात तो हात आमचाच आहे याची त्याला खात्री राहिली नाही. बाहेर आल्यावर तो रडला नाही. रात्री झोपेपर्यंत आमच्याशी बोलला मात्र नाही.

पुढच्या वर्षी त्याच जत्रेत तो आपणहून त्या तंबूपाशी जाऊन उभा राहिला. बराच वेळ दाराकडे बघत होता. मग म्हणाला, 'आजोबा, आज तुम्ही एकटे जा. मी इथे उभा राहतो. भीती वाटली तर हाक मारा.' आम्ही तिकीट काढलं आणि आत गेलो.